तबलीखालची आडपट्टी

रुवैदाने ब्लँकेट सोडून ऊद, गोल पोटाचं ते तारांचं वाद्य, बाकावर आडवा ठेवला आणि त्याच्या पोटात काहीतरी गडगडलं. आवाज मोठा नव्हता. डब्यात एकच अक्रोड उरावा आणि डबा हलवावा, एवढाच. पण उस्ता सबीहच्या हातातला चहा बशीत सांडला. चाळीस वर्षं ऊद बनवणाऱ्या माणसाला तो आवाज सांगावा लागत नाही. तबलीला, म्हणजे पोटावरच्या पातळ लाकडी झाकणाला, आतून चिकटवलेली एखादी आडपट्टी सरस सोडते, पोटात पडते, आणि मग ऊद उचलला की अशी इकडून तिकडे फिरते. दुसऱ्या कुणाचा ऊद असता तर तो म्हणाला असता, पट्टी सुटलीय पोरी, ठेवून जा, शनिवारी ये. हा ऊद मात्र त्याच्या बापाने, उस्ता मजीदने, मरायच्या आधी केलेला शेवटचा ऊद होता, आणि पुढे तो सबीहच्या बायकोचा होता. नजीहाला जाऊन चौदा महिने झाले होते. जाताना तिने ऊद नवऱ्याला ठेवला नाही, आपल्या शिष्येला दिला, आणि सबीहला तेव्हा वाईट वाटण्याऐवजी सुटल्यासारखं वाटलं होतं. त्या सुटकेची त्याला अजून लाज वाटत होती. आता तोच ऊद परत दुकानात आला होता, आणि खुंट्यांजवळ नजीहाच्या अंगठ्याने गुळगुळीत झालेली जागा बरोबर त्याच्याकडे तोंड करून होती.

रुवैदा एकेकाळी दोन वेण्या घालून नजीहाकडे शिकायला यायची, आणि तेव्हापासून सबीहला अम्मो, म्हणजे काका, म्हणायची. आता पस्तिशी ओलांडून मुलींच्या त्याच संगीतशाळेत, नजीहाच्याच खोलीत शिकवत होती. तिने बसता बसता सगळं सांगितलं. येत्या गुरुवारी शाळेत बाईंच्या आठवणीचा कार्यक्रम आहे, त्यात बाईंचाच ऊद वाजवायचा ठरलंय, म्हणून काल दुपारी तिने नव्या तारा चढवायला घेतल्या. बाईंनी बजावलं होतं की या ऊदाच्या तारा एकेक करून बदल, सगळ्या एकदम कधीही काढू नकोस. पण मुलींची परीक्षा, घाई, हिने सगळ्या काढल्या. शेवटची तार सैल झाली तशी आत टक् झालं.

"आणि मग एक गंमत झाली, अम्मो. नवीन तारा चढवल्यावर ऊद इतका मोकळा बोलला, की मी घाबरलेच. असा तो कधी बोललाच नव्हता. अर्धा-पाऊण तास. मग तारा खाली बसल्या आणि कुरकुर सुरू झाली."

सबीहने मान हलवली, पण त्याला ते पटलं नाही. पट्टी सुटली की ऊद खरखरतो, कण्हतो. मोकळा कसा बोलेल? त्याने बोट तबलीवर, घोडीच्या जरा पुढे टेकवलं. तिथे खळगा पडला होता. दिसायला नखभर, पण बोटाला विहिरीएवढा लागला. तो हात मागे घेऊन पुसायला फडकं शोधू लागला, आणि फडकं समोरच होतं तरी त्याला ते बराच वेळ सापडलं नाही.

बाहेरच्या माणसाला वाटेल, घोडीत असं काय असतं. तारा टेकायला लाकडाचा एक तुकडा. पण ऊदाचा सगळा जन्म त्या तुकड्यावर ठरतो. घोडी तबलीला चिकटवलेली असली की तारा तिलाच बांधतात. तारा ओढतात, घोडी ओढली जाते, आणि तबली तिच्यामागे वर उचलली जायला बघते. म्हणून ती तबली पातळ तासायची, खालून नाजूक आडपट्ट्या द्यायच्या आणि घोडीची जागा दोन पट्ट्यांच्या मध्ये मोकळी सोडायची. मोकळ्या घोडीचं सगळंच उलटं. तिला सरस लागत नाही, ती तबलीवर नुसती उभी असते. तारा तिच्यावरून पुढे जातात आणि ऊदाच्या बुडाशी बांधल्या जातात, आणि सगळा जन्म तिला खाली दाबत राहतात. त्या तबलीला जाडी हवी, आणि घोडीच्या बरोबर खाली एक दणकट आडपट्टी हवी. एकीची तबली दुसरीला चालत नाही. हे या गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. उस्ता मजीदने आयुष्यभर चिकटवलेल्या घोडीचेच ऊद केले, आणि समोरच्या कामिलने मोकळ्या घोडीचे करायला सुरुवात केली तेव्हा म्हातारा म्हणाला होता की हा ऊद करत नाही, पलंग करतो. सबीह तेव्हा पोट धरून हसला होता.

बाप गेल्यावर काही वर्षांनी, इराणशी लढाई संपली त्याच्या पुढच्या वसंतात, नजीहा कामिलच्या दुकानात मोकळ्या घोडीचा ऊद वाजवून घरी आली. तिच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे होतं, ते सबीहने लग्नाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. तिने पायातल्या चपलाही काढल्या नाहीत. उंच स्वर कसा घंटेसारखा लांबत जातो, आणि तो लांबला की मधली शांतता कशी आपल्या हातात येते, हे ती त्याला हातवारे करून सांगत होती, आणि तो जेवणाच्या थाळीकडे बघत होता. शेवटी ती त्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "अबू गायब, एक मागितलं तर देशील?" मूल न झालेल्या माणसाला बगदादमध्ये अबू गायब म्हणतात, न आलेल्याचा बाप. दुसऱ्या कुणी म्हटलं की त्याच्या कपाळाला आठी पडायची. नजीहा म्हणायची तेव्हा तो विरघळायचा, आणि तिला ते चांगलं ठाऊक होतं.

"आधी काय ते सांग."

"माझ्या ऊदाला मोकळी घोडी लाव."

"बाबांची तबली आहे ती, नजीहा."

"मग तबली उघड आणि खालची पट्टीही नवी घाल. अर्धवट काम मला नको. आणि जमत नसेल तर तसं सांग, मी नाही रुसणार."

जमत नाही, एवढं म्हणायला काय लागलं असतं? सबीहने हा प्रश्न स्वतःला इतक्या वेळा विचारला होता की आता तो प्रश्न राहिलाच नव्हता, त्याची नुसती सवय उरली होती. तो हो म्हणाला. आणि हो म्हणताना खरंच म्हणाला, हे त्याच्या बाजूने एवढं तरी म्हणायला हवं. त्याने जपून ठेवलेल्या स्प्रूसच्या लाकडातून सगळ्यात बारीक रेषांचा तुकडा काढला, दणकट पट्टी तासली, आणि कामाची खूण म्हणून तिच्यावर पेन्सिलने लिहिलं: नजीहा, घोडीखाली. मग सुरी तापवली, तबली उचकटायला घेतली, आणि आत काय आहे ते बघावं म्हणून तबलीच्या लांबट, उघड्या छिद्रातून दिवा घातला. दंतवैद्याकडचा लांब दांड्याचा आरसा सगळेच कारागीर वापरतात, तो त्याने आत फिरवला, तर एका पट्टीच्या कडेला ओघळलेल्या सरसात बापाच्या अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटलेला होता. म्हातारपणी हात थरथरायचा, तेव्हा पट्टी अशी अंगठ्याने धरून ठेवायचा तो. सबीहने सुरी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तापवली, पुन्हा ठेवली. तिसऱ्या दिवशीही तेच. नजीहाच्या कार्यक्रमाला चार दिवस उरले होते. त्याने ओल्या गरम फडक्याने जुनी घोडी सोडवली, तिची जागा घासून पॉलिश केली, बुडाशी तारा बांधायला पितळी पट्टी ठोकली, आणि बापाच्या त्या पातळ तबलीवर मोकळी घोडी उभी केली. तासलेली पट्टी त्याने बाकाखालच्या तुकड्यांत सरकवून दिली. नजीहा आली तेव्हा म्हणाला की तबली उघडून पट्टी बसवलीय आणि अशी परत लावलीय, की बाबांनाही कळलं नसतं. हे शेवटचं बोलायची काही गरज नव्हती. खोटं बोलणाऱ्याला एक वाक्य कधी पुरत नाही.

आणि काय वाजला तो ऊद! कमजोर तबली मोकळ्या घोडीखाली पहिले काही महिने वेड्यासारखी गाते. जाड तबलीपेक्षाही जास्त. तिला अडवणारं काही नसतं. त्या दुपारच्या कार्यक्रमात नजीहा वाजवत होती आणि सबीह तिसऱ्या रांगेत रुमाल तोंडाशी धरून बसला होता, आणि पुढच्या रांगेतला कामिल मागे वळून वळून त्याच्याकडे बघत होता. कार्यक्रमानंतर नवराबायको नदीकाठी गेले, भाजलेला मासा खाल्ला, आणि नजीहाने काटे काढलेला पहिला घास त्याला भरवला, चारचौघांत. "हे नुसते हात नव्हेत तुझे," ती म्हणाली. त्या घासाची चव त्याला अजून आठवायची.

आठ महिन्यांनी तारा ऊदाच्या गळ्यावरच्या, बोटं दाबायच्या पट्टीला घासू लागल्या. तबली खचत होती, दुसरं काही नव्हतं. सबीहने पहिल्या कुरकुरीलाच ते ओळखलं. त्याने घोडीच्या पायाखाली कागदाएवढी पातळ चकती घातली आणि हवेला दोष दिला. दोन महिन्यांनी दुसरी चकती. तिसऱ्या वेळी नजीहा म्हणाली की हा सारखा का बसतोय, तू एकदा आतून बघ ना. आणि सबीह, ज्याने तिच्या बोटांवर जीव टाकला होता, तो म्हणाला, "ऊदाला काही झालेलं नाही. बोट नीट दाब, नजीहा."

"दाबतेच आहे."

"पूर्वीसारखं नाही दाबत."

 तिने डावा हात उजेडात धरला आणि एकेक बोट वाकवून पाहिलं, नवं भांडं चीर आहे का म्हणून पाहतात तसं. पुढे कित्येक दिवस तो तिला असं करताना बघायचा. भाजी चिरताना, नूमीचा, वाळल्या लिंबांचा चहा गाळताना, ती मध्येच थांबून बोटं मिटायची आणि उघडायची. तेव्हा तरी सांगायचं. पण एव्हाना देशावर बाहेरून लादलेल्या निर्बंधांची वर्षं सुरू झाली होती, आणि खोटेपणाला निमित्तं पुरवण्यात त्या वर्षांचा हात कुणी धरला नसता. सरस मिळत नव्हता. तारा मिळत नव्हत्या, मासे धरायची दोरी ऊदाला चढवून लोक वाजवत होते. त्या हिवाळ्यात रॉकेलही नव्हतं. दुकानातले तुकडे, सालपटं, मोडके साचे खजुरीच्या टोपलीत भरून दर आठवड्याला घरी जायचे, शेगडीला. अशा दिवसांत कुठे बापाची तबली उघडायची, असं तो स्वतःला म्हणायचा, आणि त्याला ते पटायचंही.

मग त्याच हिवाळ्यात एक चमत्कार झाला. तबली खचायची थांबली. चकत्या घालाव्या लागेनात. ऊदाचा आवाज मात्र गेला. उशीत तोंड खुपसून कुणी गावं तसा तो वाजू लागला. सबीहने हात लावून बघायला घेतलं तर नजीहा म्हणाली की राहू दे, आता वाजवतंय कोण, माझेच हात राहिले नाहीत. आल्यागेल्यालाही ती हसून हेच सांगायची. सबीहने तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरला काही सापडलं नाही, तेव्हा नसांचं असेल असं दोघांनी मिळून ठरवलं. आणि मनातल्या मनात, हे कबूल करायला त्याला वीस वर्षं लागली, त्याला बरं वाटलं. म्हणजे खरंच तिचे हात होते. म्हणजे आपण खोटं बोललोच नव्हतो. एके दिवशी चहाच्या दुकानात तो कामिलला सगळ्यांदेखत म्हणाला, "बाबांची तबली बघ ये. वरून मोकळी घोडी, खाली तुझी ती पलंगाची फळी नाही, आणि केसभर खचलेली नाही. याला म्हणतात हात." लोकांनी माना डोलावल्या. गल्लीत त्याचं नाव झालं. आपण काय बोलून बसलो ते त्याच्या ध्यानातही आलं नाही. घरी बायकोला पट्टी घातली म्हणून सांगितलं होतं, आणि इथे घातली नाही म्हणून मिरवत होता. कामिलच्या बायकोने ते नजीहाला सांगितलंच असणार. त्या दिवशी घरी गेल्यावर नजीहाने त्याला विचारलं, आज फार खूश दिसतोस, आणि त्याच्या पुढ्यात गरम क्लेचे, खजूर भरलेल्या वड्या, ठेवले.

"अम्मो," रुवैदा म्हणाली, "चहा गार झाला तुमचा."

त्याने पेला उचलला आणि तसाच ठेवला. आता त्याला एक वेडी आशा वाटत होती. आत जे गडगडतंय ती बापाची पट्टी असो. बापाचाच सरस सुटला असो. म्हातारपणी हात थरथरत होता, चुकली असेल एखादी पट्टी. मग तबली खचली ती त्यामुळे, आणि नजीहाचे हात गेले ते नसांमुळे, आणि मेलेल्या बापाला काय फरक पडतो? ज्या बापासाठी एवढं केलं, त्याच्याच डोक्यावर सगळं ठेवून मोकळं व्हायला तो निघाला होता, आणि हे कळूनही त्याला थांबता येत नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला की बाईंच्या हातांचं दुखणं नसतं तर हा ऊद असा पडून राहिला नसता.

रुवैदाने चमकून वर पाहिलं. मग खाली पाहिलं, आणि ब्लँकेटची घडी घालू लागली. घडी झाली तरी तिचे हात थांबेनात.

"काय झालं?" सबीहने विचारलं.

"बाईंच्या हातांना काही झालं नव्हतं, अम्मो."

 मग ती सांगू लागली, ब्लँकेटकडे बघतच. दर गुरुवारी शाळा सुटल्यावर बाई तिला थांबवून घ्यायच्या, दार लावायच्या, आणि तिचा ऊद, शाळेचा साधा ऊद, मांडीवर घ्यायच्या. तास-दीड तास. असं वाजवायच्या की तिला पुढचे दोन दिवस स्वतः ऊदाला हातच लावू नये असं वाटायचं. अगदी आजारी पडेपर्यंत. ही एकटीच ऐकायची. एकदा तिने विचारलं होतं की बाई, तुम्ही घरी का नाही वाजवत.

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, घरचा ऊद आजारी आहे, आणि त्याच्या वैद्याला सांगायचं नाही. हसत होत्या. मला वाटलं, चेष्टाच आहे."

सबीह उठला. उठायचं काही कारण नव्हतं. आरसा बाकावरच होता. त्याने भिंतीवरचा एक साचा सरळ केला आणि परत येऊन बसला. वीस वर्षांचे गुरुवार. गुरुवारी ती उशिरा यायची आणि दारातच म्हणायची, भूक लागली का रे अबू गायब, आणि तिच्या गालांवर लाली असायची, आणि तो समजायचा की चालून आलीय. ज्या बोटांना त्याने दोष दिला ती बोटं तिने त्याच्यापासून लपवून ठेवली होती, दुसऱ्याच्या ऊदावर, बंद दाराआड, आणि घरी येऊन तीच बोटं तिने त्याच्यासमोर म्हातारी केली होती. म्हणजे तिला माहीत होतं. पण कसं? तबली तर कधी उघडलीच नाही.

त्याने तारा सैल केल्या, घोडी बाजूला काढली, दिवा आत सोडला आणि आरसा फिरवला. बापाच्या पट्ट्या सगळ्या जागच्या जागी होत्या. एक, दोन, तीन, मोजायच्या त्या सगळ्या. आणि सरसातला तो अंगठाही तिथेच होता. बापाचं काही सुटलं नव्हतं. मग त्याने ऊद उलटा करून हळूहळू हलवला. आतला तुकडा दोनदा छिद्रापाशी येऊन परत गेला. तिसऱ्यांदा रुवैदाने आपली बारीक बोटं आत घातली आणि तो बाहेर ओढून त्याच्या तळहातावर ठेवला.

स्प्रूसचा तुकडा, सगळ्यात बारीक रेषांचा. जेमतेम पाऊण वीत. एक टोक रंध्याने साफ केलेलं, त्याच्या हातचं. दुसरं पाव कापायच्या सुरीने कापलेलं, दाते उमटलेलं, ओबडधोबड. दोन्ही टोकांना, सरकू नये म्हणून, निळ्या कापडाच्या चिंध्या शिवलेल्या होत्या. तो निळा रंग तिच्या कार्यक्रमाच्या झग्याचा होता. सबीहने तुकडा फिरवला आणि पेन्सिलीचं त्याचंच अक्षर वर आलं: नजीहा, घोडी. पुढचं सुरीखाली गेलं होतं.

म्हणजे ती खजुरीची टोपली. त्यानेच भरून पाठवलेली. शेगडीपुढे बसून ती एकेक तुकडा आत टाकत असणार, आणि जी पट्टी ऊदाच्या पोटात आहे म्हणून तिला छातीठोकपणे सांगितलं होतं, ती अख्खी, न वापरलेली, तिचंच नाव लिहिलेली, तिच्या हातात आली असणार. ती ओरडली नाही. तिने पट्टी जाळली नाही, त्याच्या पुढ्यात आणून टाकलीही नाही. तिने ती कापली आणि त्या लांबट छिद्रातून आपला लहानसा हात आत घालून, ऊदाच्या फुगीर पाठीशी आणि तबलीशी टेकवून, घोडीखाली टेकू म्हणून उभी केली. तारांचा दाब होता तोवर टेकू उभा राहिला; काल सगळ्या तारा एकदम सुटल्या आणि तो पडला. टेकू लावला की तबली खचत नाही. आणि टेकू लावला की तबली बोलतही नाही, हे कारागिराच्या बायकोला काय माहीत नव्हतं? तिने त्याच्या बापाची तबली वाचवली, गल्लीतलं त्याचं नाव वाचवलं, आणि आपला आवाज आत उभा गाडून हात गेले म्हणून सांगत राहिली.

"अम्मो, काय आहे हे?" रुवैदाने विचारलं.

"आडपट्टी."

"तुटली?"

"नाही." त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही, म्हणून तो पुन्हा म्हणाला, "नाही, पोरी. मी बसवलीच नव्हती. तिला बसवली म्हणून सांगितलं. आणि बोट नीट दाब म्हणालो."

रुवैदाने तोंडावर हात घेतला. सबीह तिच्याकडे बघत नव्हता. गल्लीत कुणीतरी शटर वर केलं, कामिलच्या दुकानातून रंध्याचा आवाज येऊ लागला. त्याने सुरी दिव्यावर धरली. या वेळी ती खाली ठेवली नाही. तबलीच्या कडेने ती फिरवत गेला तसा बापाचा सरस चर्रचर्र सुटत गेला, आणि तबली त्याच्या हातात आली, पापडासारखी हलकी. त्याने ती बाकावर पालथी घातली. अंगठ्याच्या ठशाशेजारी, घोडीच्या बरोबर खाली, लाकडावर चण्याएवढा एक दाबल्याचा डाग होता, आणि त्यात निळा धागा चिकटलेला होता.

सरसाची वाटी गरम करायला ठेवून सबीहने तो तुकडा उचलला, टोकांच्या चिंध्या न काढताच तबलीवर आडवा धरला, जिथे तो पंचवीस वर्षांपूर्वी बसायला हवा होता तिथे. एक टोक कडेला नीट लावलं आणि दुसरं कुठवर जातं ते बघितलं. पट्टी वीतभर कमी पडत होती.